नवरीशेजारची जुनी पवनचक्की

मित्रांनो, मी एक जुनी पवनचक्की आहे. सुएझच्या आखाताकाठी, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या रेताड पट्ट्यात मी उभी आहे. मला नाव नाही. लोक मला नुसतेच 'जुनी' म्हणतात. माझ्या शेजारी जी उभी आहे तिला मात्र नाव आहे. तिचे नाव अरूसा, म्हणजे नवरी. माझी गोष्ट सांगायची तर तिचीही सांगावी लागते, हेच माझे पहिले दुःख आहे. तेव्हा आधीच सांगून टाकते, मी तिच्यावर जळते. तुम्ही म्हणाल, लोखंडाला कसला आलाय मत्सर? मग तुम्ही कधी कोणाची थोरली जाऊ झालेला नाहीत.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. जाळीचे चार उंच पाय, वर एक पेटी आणि पेटीला तीन पाती, असे माझे रूप आहे. जहाजातून मी सुटी सुटी आले आणि इथे सरकारी माणसांनी मला जोडून उभी केली. वाऱ्यावर वीज होते का, ते त्यांना बघायचे होते. राखणीला त्यांनी इथल्याच टोळीतला औदा नावाचा तरुण ठेवला. त्याला तेव्हा नुकती मिसरूड फुटली होती. त्याचा माझ्यावर काडीचाही विश्वास नव्हता.

"वाऱ्यानं तंबू उडतो आणि उंटाच्या डोळ्यांत रेती जाते, एवढं मला ठाऊक आहे," तो सगळ्यांना सांगत सुटे. "दिवा कसा लागेल?"

पण दिवा लागला. औदाच्या राहुटीत माझ्या विजेवर पहिला बल्ब पेटला तेव्हा त्याने टोळीतल्या म्हाताऱ्यांना बोलावून आणले, कॉफी उकळली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही माझी." मित्रांनो, हे शब्द मी अजून विसरलेले नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने दृष्ट लागू नये म्हणून एक मोठा निळा मणी माझ्या पायाला बांधला. त्याच वर्षी त्याचे फिद्दाशी लग्न झाले. फिद्दाने बकरीच्या केसांचा काळा तंबू विणला आणि तो माझ्या पायाशीच उभारला. विहिरीवरचा पंपसुद्धा माझ्या विजेवर चाले. शहरातून पाहुणे येत आणि माझ्याबरोबर फोटो काढून घेत. औदाची मुलगी उलैया माझ्याच जाळीला धरून उभी राहायला शिकली. मी सुखी होते. सुख टिकेल असे मला वाटले, ही माझी चूक नाही, सगळ्यांनाच तसे वाटते.

मग कंपनी आली.

कंपनी फार मोठी आहे. तिचे मुख्य कार्यालय समुद्रापलीकडे एका देशात, यंत्रे बनतात दुसऱ्या देशात आणि वीज ती आणखी कितीतरी देशांत विकते. जिथे वारा असेल तिथे ती पवनचक्क्या उभारते, जिथे ऊन असेल तिथे काचेची शेते पसरते आणि जिथे नदी असेल तिथे पाण्याची वीज करते. ती कोळसा जाळत नाही, तेल जाळत नाही, असे तिची माणसे मोठ्या अभिमानाने सांगतात. मी म्हणते, जाळले ते फक्त माझे काळीज.

कंपनीने डोंगरापासून समुद्रापर्यंत नव्या पवनचक्क्यांची रांग लावली. बाकीच्या लांब आहेत, त्यांच्याशी माझे काही वैर नाही. वैर धरायलाही शेजार लागतो. रांगेतली पहिली नेमकी माझ्या बाजूला उभी राहिली. पांढरी, गुळगुळीत आणि इतकी उंच, की तिच्याकडे बघताना औदाच्या डोक्यावरचा रुमाल मागे पडला. बायका म्हणाल्या, "अगं बाई, नवरीच जणू!" झाले, तेव्हापासून ती अरूसा. तिच्या पोटात लिफ्ट आहे. माझ्यावर चढायचे तर माणसाला शिडीवरून घाम गाळावा लागे, तिच्यात तो बटण दाबून वर जातो. तिला बारीकसा ताप आला तरी दूरदेशीच्या पडद्यावर कळतो आणि गाडी भरून माणसे धावत येतात. माझ्या पेटीत एकदा कबुतराने अंडी घातली होती, ती उबून पिल्ले उडून गेली तरी कोणाला पत्ता नव्हता.

एके दिवशी कंपनीची माणसे माझ्याकडे आली. मला वाटले, विचारपूस करतील. त्यांनी माझा ब्रेक लावला, तार काढून नेली आणि "हिचं काय करायचं ते पुढे बघू" म्हणून निघून गेली. त्यानंतर मी फिरले नाही.

हेही मी सोसले असते. पण अरूसाची सावली माझ्यापेक्षा लांब आणि गार पडते हे औदाच्या लक्षात आले. तंबू माझ्या पायापासून उठला आणि तिच्या पायथ्याशी गेला. जाताना औदा माझ्याजवळ आला, पायाचा निळा मणी सोडवला आणि नेऊन तिच्या दाराला बांधला. "हिला आता कोण दृष्ट लावणार?" असे तो फिद्दाला म्हणाला, तेही माझ्या देखत. मित्रांनो, अरूसाला दृष्ट कोणाची लागणार होती हे मला विचारले असते तर मी सांगितले असते.

आता तिच्या सर्वांत मोठ्या मानाविषयी सांगते. दर वसंतात आफ्रिकेतून करकोचे येतात. पांढरे अंग, काळे पंख, लाल चोच. आमच्या या पट्ट्यावरून हजारोंनी ते उत्तरेला घरी जातात. त्यांना पाते लागू नये म्हणून कंपनीने टेकडीवर दुर्बिणी घेतलेली माणसे बसवली आहेत. थवा दिसला की ती फोन करतात, "थांबवा!" आणि अरूसा थांबते. नुसत्या एका शब्दावर! दूरच्या कार्यालयात खळबळ उडते, कोणी विचारते का थांबली, कोणी विचारते कधी सुरू होणार. मी वर्षानुवर्षे थांबून आहे, मला एकानेही विचारलेले नाही.

त्या टेकडीवर बसणाऱ्यांत उलैया होती. हो, माझी जाळी धरून उभी राहायला शिकलेली तीच उलैया. आता ती मोठी झाली होती. हे काम मिळवताना तिने चुलत्यांचे खूप टोमणे ऐकले होते. मुलीच्या जातीने दुर्बीण घेऊन टेकडीवर बसायचे म्हणजे काय, असे ते म्हणत. औदा त्यांना सांगे, "टेकडी माझ्या तंबूतून दिसते. ती पक्ष्यांवर नजर ठेवते, मी तिच्यावर ठेवतो, तुम्ही आपापल्या उंटांवर ठेवा." उलैयाचा त्या कामावर फार जीव होता. पण त्या वर्षी कंपनीत निराळीच चर्चा सुरू होती. माणसांऐवजी रडार बसवावे, असे काहींचे म्हणणे होते. एक जरी पक्षी पडला किंवा पवनचक्क्या उगाच बंद राहिल्या, तर पुढच्या वर्षी टेकडीवर माणूस नको, असे जवळपास ठरलेच होते.

अशात एक दिवस दक्षिणेकडून धुळीचे वादळ आले. आकाश पिवळे झाले, समुद्र दिसेनासा झाला. दुपार कलताना त्या धुळीतून करकोचे आले. ते उंचावर नव्हते, अगदी खाली होते आणि दमून हेलकावे खात होते. उलैयाने फोनवर ओरडून सांगितले, "थांबवा! सगळी रांग थांबवा!" अरूसाची पाती संथ होत होत थांबली. मग थवेच्या थवे खाली उतरले. तंबूभोवती, विहिरीभोवती, जिकडे तिकडे करकोचे.

आणि मित्रांनो, खरी गंमत पुढेच आहे. त्यांना उंच बसायला जागा हवी होती. अरूसाच्या गुळगुळीत अंगावर पाय टेकायला कुठे जागा? ते सगळे माझ्याकडे आले. माझ्या प्रत्येक आडव्या पट्टीवर करकोचे दाटीवाटीने बसले. पेटीवर बसले, पात्यांवर बसले. लोक तंबूतून बाहेर येऊन तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले. कितीतरी वर्षांनी माझ्याकडे! अरूसा बाजूला खांबासारखी उभी होती. तिच्याकडे एकही मान वळली नाही. मला जो आनंद झाला त्याला चांगला म्हणता येणार नाही, पण झाला खरा.

दुसऱ्या दिवशी वादळ ओसरले. करकोचे मात्र हलले नाहीत. तेव्हा कंपनीचा इंजिनीअर वगीह गाडी घेऊन आला. हा सुएझ शहरातला, मनाने वाईट नाही, पण त्याचा फोन सारखा वाजत होता.

"शेख औदा, वरून विचारतायत," तो म्हणाला. "उडणाऱ्या पक्ष्यांसाठी थांबायचं असा नियम आहे. हे तर बसलेत. चाकं सुरू करू द्या."

"आणि उठतील तेव्हा?" उलैया म्हणाली. "ते सरळ उडून जात नाहीत, वगीहभाई. इथल्या इथे गिरक्या घेत वर चढतात. अरूसाच्या पात्यांमधूनच जातील."

"मग ते उठणार कधी?"

औदाने कॉफीचा पेला इंजिनीअरच्या हातात दिला आणि म्हणाला, "ते कसं विचारणार? पाहुणे आहेत माझे."

"पाहुणे? यांना बोलावलं कोणी?"

"बोलावून येतो तो पाहुणा नव्हे, नातेवाईक. पाहुणा असाच येतो. माझ्या तंबूच्या सावलीत जीव मुठीत धरून आलेत. तीन दिवस ते माझ्या आसऱ्याला आहेत. तोवर त्यांच्या केसाला धक्का लागला तर माझं तोंड काळं झालं म्हणून समज."

वगीह याच मुलखातला माणूस. आसरा दिला असे एकदा टोळीतल्या कोणी जाहीर केले, की त्यात हात घालायचा नसतो, हे तो जाणून होता. त्याने कपाळाला हात लावला आणि फोनवर परक्या भाषेत बराच वेळ काहीतरी समजावले. पाहुणा या शब्दाचा अर्थ तिकडच्यांना कळला नसावा, कारण तो तीन तीनदा सांगत होता.

इथवर सगळे ठीक होते. पण पाहुणा म्हटला की त्याला उपाशी ठेवता येत नाही. औदा किनाऱ्यावर गेला, कोळ्यांकडून टोपल्या भरभरून मासे आणले आणि तंबूसमोर ओतले. करकोच्यांची चंगळ झाली. दुपारी मासे, संध्याकाळी मासे. लालचोच्यांना इतका सुग्रास पाहुणचार सगळ्या वाटेवर कुठे मिळाला नसेल. आकाश निवळले, ऊन छान पडले, उडायला हवी तशी हवा होती, पण एकालाही जायची घाई दिसेना.

फिद्दा हे सगळे कमरेवर हात ठेवून बघत होती. "माझ्या माहेरची माणसं आली तेव्हा साधं पाणी मला आणावं लागलं होतं," ती म्हणाली. "आणि आता टोपली डोक्यावर घेऊन हे स्वतः! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बघते आहे."

"तुझ्या माहेरची माणसं इतकी शांत बसत नाहीत," औदा म्हणाला.

पण उलैयाला हसू येत नव्हते. ती टेकडीवरून उतरली आणि बापासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, तुम्ही खायला घालताय म्हणून ते जात नाहीयेत! सगळी रांग बंद आहे. लोक म्हणतील, या मुलीनं उगाच बंद पाडली."

"मग काय करू, पोरी? ताटावरून उठवू त्यांना?"

मी वरून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, नको उठवूस. राहू देत. महिनाभर राहू देत. अरूसाची पाती गंजू देत. मित्रांनो, मला उलैया आवडत नव्हती असे नाही. पण माझ्या अंगावर इतके जीव बसले होते आणि सगळा मुलूख माझ्या पायाशी जमला होता. असे दिवस कोण आपणहून सोडील?

तिसऱ्या दिवशी सायंकाळी वगीह पुन्हा आला. या वेळी त्याने कॉफी घेतली नाही, त्यावरूनच सगळ्यांना कळले.

"उद्या दुपारी चाकं सुरू होणार," तो म्हणाला. "पक्षी असोत की नसोत. आता माझ्या हातात नाही. आणि उलैया, एखादा पक्षी पडला तर काय होईल ते तुला माहीत आहे."

तो गेल्यावर उलैया तंबूच्या दोराला धरून खाली बसली आणि रडू लागली. औदा तिच्यापुढे नुसता उभा होता. पाहुण्यांना हाकलावे तर दिलेला आसरा मोडतो, न हाकलावे तर मुलीचे काम जाते आणि वर पाहुणेही मरतात. इतका हतबल मी त्याला कधी पाहिला नव्हता. रागावलेली असूनही मला त्याची कीव आली. थोडीशीच.

तेव्हा फिद्दा म्हणाली, "अबू उलैया, आसरा कशाचा दिलात?" नवऱ्याला ती अशीच, 'उलैयाचा बाप' म्हणून हाक मारे.

"तंबूचा."

"आणि तंबू कोणाचा?"

आमच्याकडे तंबू बाईचा असतो. तीच तो विणते, तीच उभारते, तीच उतरवते. त्यात नवऱ्याने बोलायचे नसते.

"तंबू माझा," फिद्दा म्हणाली. "मला इथं राहून कंटाळा आला. सकाळी मी तंबू उतरवणार. जिथं तंबू नाही तिथं यजमान नाही, आणि यजमान नाही तिथं पाहुण्यानं रागवायचं कारण नाही. तुम्ही कोणाला हाकललं नाहीत. तुमची बायकोच लहरी निघाली."

"लहरी तर तू आहेसच," औदा म्हणाला. पण त्याचा चेहरा उजळला होता.

सकाळी ऊन तापायला लागले तशा मायलेकी कामाला लागल्या. त्यांनी दोर सोडले, खुंट्या उपटल्या. मधला खांब काढला आणि तो मोठा काळा तंबू वाऱ्यावर फडफडत खाली आला. मासे आज आलेच नव्हते. जमिनीवरचे करकोचे दचकून दोन पावले बाजूला झाले, इकडे तिकडे बघू लागले. मग एकाने पंख पसरले. त्याच्यामागे दुसरा उठला. मग सगळी जमीनच उठल्यासारखी झाली.

माझ्या अंगावरचेही उठू लागले. मी मनातल्या मनात एकेकाला म्हणत होते, तू तरी थांब. एक म्हातारा करकोचा माझ्या पात्याच्या टोकावर बसून होता, तो थांबेल असे मला वाटले. त्याने पंख साफ केले, माझ्याकडे न बघता झेप घेतली आणि गेला. सगळे गिरक्या घेत, अरूसाच्या स्थिर पात्यांच्या मधून आणि वरून, उंच उंच चढले. उलैया दुर्बीण लावून शेवटचा ठिपका दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. एकही पक्षी पडला नाही. मग तिने फोन केला, "सुरू करा." आणि अरूसा जणू काही झालेच नाही अशी पुन्हा डौलात फिरू लागली. मला फार रडू आले. लोखंडाचे रडणे गंजाच्या ओघळांसारखे दिसते, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

फिद्दाने तंबू पुन्हा उभारला. कुठे म्हणाल, तर अरूसाच्याच सावलीत, फक्त दोन हात पलीकडे. मला वाटले होते, माझ्याकडे येईल. ती मला वळसा घालून गेली.

काही दिवसांनी वगीह आनंदाची बातमी घेऊन आला. उलैयाचे काम राहिले होते. रडार येणार होते, पण त्याच्या जोडीला माणसेही हवीत असे कंपनीने मानले होते. "आणखी एक," तो जाता जाता म्हणाला, "ही जुनी उतरवायची ठरलीय. वरून विचारलंय, कोणाची हरकत आहे का?"

माझे सगळे बोल्ट जागच्या जागी थिजले. औदा माझ्याकडे बघत होता, पण आठवत काय होता कोण जाणे.

"माझी हरकत आहे," उलैया म्हणाली. "टेकडीपेक्षा हिच्यावरून लांबचं दिसतं. शिडी आहे, टेकायला जाळी आहे. मला बसायला ही हवी."

बसायला! मित्रांनो, इतक्या वर्षांच्या सेवेचे हे मोल. प्रेमाचा एक शब्द नाही, नुसते बसायला. पण माझा जीव वाचला, हे नाकारून चालणार नाही. आता करकोच्यांच्या दिवसांत उलैया माझ्या खांद्याशी बसते, तिथून अरूसाला थांबवते आणि थवा गेला की पुन्हा सुरू करते. अरूसा तिच्या शब्दावर थांबते तेव्हा मला बरे वाटते. किती बरे वाटते ते मी सांगणार नाही.

शिडीच्या गंजाने हात कापतो अशी उलैयाने तक्रार केली, म्हणून गेल्या आठवड्यात औदा रंगाचा डबा घेऊन माझ्याकडे आला. रंग अरूसाचा उरलेला होता. तेही मी चालवून घेतले. कितीतरी वर्षांनी त्याचा हात माझ्या पायावरून फिरत होता, गंज खरवडत होता, सांधे पुसत होता. मी डोळे मिटून घेतले असते, पण मला डोळे नाहीत. आणि मग तो बोलू लागला. "बघ, हाच रंग तिच्यावर कसा उजळ दिसतो," तो ब्रश फिरवता फिरवता म्हणाला, "तिच्या अंगाला कसा शोभतो." तळापासून वरपर्यंत मला रंगवून होईस्तोवर तो तिच्याविषयीच बोलत होता.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे काहीतरी जुने कोपऱ्यात उभे असेल. त्याला टाकून देऊ नका. कधी आठवण झाली तर त्याची धूळ पुसा, तेल द्या, रंग लावा. रंग दुसऱ्याचा उरलेला असला तरी चालेल. फक्त तो लावताना, तेवढ्या वेळापुरते तरी, नव्याचे कौतुक करू नका.